जीवाणूच्या दारातील ओळखपरेड
जंतूंना मारणारे विषाणू आपले भक्ष्य नेमके कसे ओळखतात?

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावातच ज्या निजामपुऱ्याची आठवण जपली गेली आहे, ती यंत्रमागांच्या या शहरातील दाट लोकवस्ती. अशा कोणत्याही दाट वस्तीतील गटाराचे चमचाभर पाणी प्रयोगशाळेत तपासले, तर त्यात माणसाच्या आतड्यातील जीवाणू तर सापडतातच. पण त्या जीवाणूंना गाठून फोडणारे विषाणूही हमखास सापडतात. त्यांना जीवाणुभक्षक विषाणू म्हणतात. शास्त्रज्ञांच्या परिभाषेत ते 'बॅक्टेरिओफेज', थोडक्यात 'फेज'. पृथ्वीवरील त्यांची एकूण संख्या एकावर एकतीस शून्ये इतकी असावी, असा अंदाज आहे. सर्व सजीवांची संख्या एकत्र केली तरी ती यापेक्षा कमी भरेल.

हे विषाणू माणसाच्या पेशींना बाधा करत नाहीत. जीवाणूंच्या बाबतीतही ते कमालीचे चोखंदळ असतात. एका जातीच्या जीवाणूला क्षणात खिंडीत पकडणारा फेज त्याच्या सख्ख्या भावंडाजवळून निर्धास्त निघून जातो. हा चोखंदळपणा बहुतांशी एकाच क्षणी ठरतो. तो क्षण म्हणजे विषाणू जीवाणूच्या पृष्ठभागावर चिकटण्याचा. टायफॉईडसारख्या जुन्या आजारावरील औषधे एकामागून एक निकामी होत असताना या क्षणाचा अभ्यास केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

आग्र्यापासून मुंबईपर्यंत

या कथेची सुरुवात भारतात झाली, असे म्हणायला जागा आहे. भिवंडीजवळून जाणारा महामार्ग ज्या आग्र्याला पोहोचतो, तेथे १८९६ साली अर्नेस्ट हॅनकिन हा ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ काम करत होता. गंगा आणि यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू झपाट्याने मरतात आणि तेच पाणी उकळले की त्याचा हा गुण नाहीसा होतो, असे त्याने नोंदवले. हा परिणाम फेजमुळे झाला असावा, असा तर्क पुढे अनेकांनी केला. मात्र हॅनकिनच्या काळी फेजचा शोधच लागला नव्हता. त्यामुळे तो तर्कच राहिला आहे.

फेजचा शोध लागला तो लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांच्या १९१५ सालच्या आणि पॅरिसमध्ये फेलिक्स द'एरेल यांच्या १९१७ सालच्या निरीक्षणांतून. 'बॅक्टेरिओफेज' हे नाव द'एरेल यांचे. द'एरेल १९२०च्या दशकात भारतात आले. त्या वेळी मुंबई इलाख्याच्या मनात १८९६ सालच्या प्लेगची आठवण ताजी होती. त्या साथीतूनच उभी राहिलेली परळची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली आणि प्लेगवर फेजचा उपाय चालतो का, याचा विचार तेथे झाला. १९२७ साली द'एरेल यांनी पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांवर फेज वापरून पाहिला. त्यानंतर १९३६पर्यंत भारतात फेजविषयीची सरकारी चौकशी सुरू राहिली. पाटण्यात इगोर अशेशॉव्ह यांनी, तर आसामात जे. मॉरिसन यांनी काम केले. मॉरिसन यांच्या प्रयोगात एका भागात फेज वाटला गेला आणि दुसऱ्या भागात वाटला गेला नाही. ज्या भागात वाटप झाले, तेथे कॉलऱ्याचे मृत्यू घटल्याचे नोंदवले गेले.

मात्र हे प्रयोग आजच्या काटेकोर निकषांवर उतरत नाहीत. कोणता फेज नेमक्या कोणत्या जंतूला धरतो, हे न तपासताच त्या काळी जगभर अनेक ठिकाणी फेजची औषधे विकली गेली. ज्या जंतूला चिकटण्याची फेजची क्षमताच नाही, त्यावर तो कितीही दिला तरी निरुपयोगी. फेजोपचार मागे पडण्याचे हे एक मोठे कारण ठरले. दुसरे कारण म्हणजे १९४०च्या दशकात आलेली पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके.

भेट केवळ योगायोगाने

फेजला पाय नाहीत, पंख नाहीत, पोहण्याचे साधन नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो वाटेल तिकडे भरकटत राहतो. त्यामुळे जीवाणूशी त्याची गाठ पडणे हा निव्वळ योगायोग असतो. पाण्यात जीवाणू जितके दाट, तितकी गाठ पडण्याची शक्यता अधिक. फेज आणि जीवाणू यांचे मिश्रण करून मोकळे उरलेले फेज वेळोवेळी मोजले, तर त्यांची संख्या ठरावीक वेगाने घटत जाते, हे मॅक्स श्लेसिंगर यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. त्यातून प्रत्येक फेजचा चिकटण्याचा वेग आकड्यात मांडता येऊ लागला.

पाण्यातील क्षारांवरही बरेच अवलंबून असते. फेज आणि जीवाणू या दोघांच्या पृष्ठभागांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे आयन असले की हा दुरावा कमी होतो. म्हणूनच अनेक फेजवरील प्रयोगांत द्रावणात हे क्षार मुद्दाम घालावे लागतात. टी-४ या प्रसिद्ध फेजच्या काही वाणांना तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिळाल्याशिवाय चिकटताच येत नाही, असे थॉमस अँडरसन यांना १९४०च्या दशकात आढळले. ट्रिप्टोफॅनच्या अभावी या विषाणूचे तंतू शेपटीलगत मिटलेले राहतात.

आधी चाचपणी, मग पकड

टी-४ हा आतड्यातील ई-कोलाय या जीवाणूवर वाढणारा फेज. त्याची लांबी सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे जीवाणूच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाइतकी. वर बहुकोनी शीर्ष, त्यात घट्ट गुंडाळलेला सुमारे १ लाख ६९ हजार अक्षरजोड्यांचा डीएनए, खाली म्यानात बसवलेली पोकळ नळी, तिच्या टोकाला षट्कोनी तळपट्टी आणि तळपट्टीला जोडलेले सहा लांब तंतू, अशी त्याची रचना.

चिकटण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा चाचपणीचा. लांब तंतूंची टोके जीवाणूच्या बाह्यपटलावरील ठरावीक रेणू शोधतात. टी-४च्या बाबतीत हे रेणू म्हणजे 'ओएमपी-सी' नावाचे प्रथिन किंवा बाह्यपटलातील मेद आणि शर्करा यांचा बनलेला लायपोपॉलिसॅकराइड हा संयुक्त रेणू. अशा रेणूंना ग्राही म्हणतात. एकच तंतू टेकला, तर पकड सैल राहते आणि विषाणू पुन्हा सुटू शकतो. एकाहून अधिक तंतू टेकले, तर तो पृष्ठभागावर स्थिरावतो. या टप्प्यापर्यंत माघारीचा मार्ग खुला असतो.

दुसऱ्या टप्प्यात तो मार्ग बंद होतो. तळपट्टीखाली दुमडून ठेवलेले सहा आखूड तंतू उलगडतात आणि लायपोपॉलिसॅकराइडला घट्ट धरतात. तळपट्टीचा आकार बदलतो. त्यासरशी नळीभोवतीचे म्यान आकसून मूळ लांबीच्या निम्म्याहूनही कमी होते आणि आतील नळी जीवाणूच्या बाह्यपटलात घुसते. नळीच्या टोकाशी भित्तिका विरघळवणारे विकर असते. वाट मोकळी झाली की शीर्षातील डीएनए आत उतरतो आणि प्रथिनांचे रिकामे कवच बाहेरच राहते. अनुकूल स्थितीत साधारण अर्ध्या तासात जीवाणू फुटतो आणि शंभराहून अधिक नवे विषाणू बाहेर पडतात.

कवच बाहेर राहते, या साध्या वस्तुस्थितीने जीवशास्त्राचा इतिहास बदलला. आल्फ्रेड हर्षी आणि मार्था चेस यांनी १९५२ साली फेज चिकटलेल्या जीवाणूंचे मिश्रण स्वयंपाकघरातील मिक्सरसारख्या यंत्रातून घुसळले. त्या हिसक्याने बाहेरची कवचे बरीचशी निखळून पडली, तरी जीवाणूंच्या आत नवे विषाणू तयार होतच राहिले. आनुवंशिक माहिती प्रथिनात नसून डीएनएमध्ये असते, या निष्कर्षाला त्यातून मोठे बळ मिळाले.

ज्याचे त्याचे दार निराळे

सर्वच फेज टी-४सारखे नसतात. लॅम्डा हा फेज ई-कोलायच्या 'लॅम-बी' या प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन जीवाणूने स्वतःसाठी, माल्टोज ही साखर आत घेण्यासाठी बनवलेले असते. प्रयोगशाळेत लॅम्डा वाढवताना माल्टोज घालतात, ते याचसाठी. साखर दिली की जीवाणू दारे वाढवतो आणि विषाणूचे काम सोपे होते. टी-१ आणि टी-५ हे फेज लोह आत आणणाऱ्या प्रथिनाचा आधार घेतात. एम-१३ आणि एमएस-२ हे फेज जीवाणूच्या अंगावरील पायलस या केसासारख्या तंतूला धरतात, तर काय नावाचा फेज जीवाणूच्या पोहण्याच्या शेपटीला, म्हणजे कशाभिकेला, पकडतो आणि तिच्या फिरण्याचा फायदा घेत मुळापर्यंत पोहोचतो. ज्यांना बाह्यपटल नसते, अशा स्टॅफिलोकोकससारख्या जीवाणूंच्या जाड भित्तिकेतील टायकॉइक आम्ले अनेक फेजना ग्राही म्हणून उपयोगी पडतात.

या यादीतून एक सूत्र स्पष्ट होते. जीवाणू विषाणूसाठी दार बनवत नाही. अन्न, लोह, हालचाल किंवा संरक्षण यासाठी त्याला जे लागते, तेच विषाणू आपले दार म्हणून वापरतो. म्हणून दार बंद करायचे, तर जीवाणूला आपली काहीतरी सोय गमवावी लागते.

टायफॉईडचे आवरण

याचे सर्वांत जवळचे उदाहरण टायफॉईडचे. टायफॉईडच्या जंतूभोवती शर्करेसारख्या रेणूंच्या लांब साखळीचे एक आवरण असते. त्याला 'व्हीआय' आवरण म्हणतात. माणसाच्या रक्तातील संरक्षक यंत्रणेपासून ते जंतूचा बचाव करते. पण याच आवरणाला नेमके ओळखणारे फेजही निसर्गात आहेत. त्यांतील काहींच्या शेपटीवरील प्रथिनात विकराचा गुण असतो. ते आवरणाच्या साखळीतील रासायनिक गट तोडून आपली वाट काढत पेशीपर्यंत जातात.

जेम्स क्रेगी आणि येन यांनी १९३८ साली कॅनडात या व्हीआय फेजचा वापर जंतूंची वर्गवारी करण्यासाठी केला. कोणता फेज कोणत्या वाणाला फोडतो, हे पाहून टायफॉईडच्या जंतूंचे शंभराच्या आसपास प्रकार पाडता आले. दोन गावांतील रुग्णांना झालेला आजार एकाच स्रोतातून आला की वेगवेगळ्या, याचा माग त्यामुळे काढता येऊ लागला. भारतात हे काम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील राष्ट्रीय केंद्रात अनेक दशके झाले. 'ई-१' हा प्रकार आपल्याकडे वारंवार आढळला. आता संपूर्ण जनुकीय आराखडा वाचण्याच्या तंत्राने या पद्धतीची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे.

टायफॉईडची नवी संयुग्म लस याच व्हीआय आवरणावर बेतलेली आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली ही लस सार्वजनिक मोहिमेतून देण्यास प्रारंभ केला आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली गेली. भिवंडी आणि नवी मुंबई एकाच ठाणे जिल्ह्यातील शहरे. तेव्हा जो रेणू विषाणूला दार म्हणून लागतो, तोच रेणू लसीच्या रूपाने या जिल्ह्यातील मुलांच्या शरीराला शत्रूची ओळख करून देत आहे. जंतूने विषाणूला चुकवण्यासाठी हे आवरण टाकून दिले, तर माणसाच्या रक्तात टिकाव धरणे त्याला सामान्यतः अवघड जाते.

कुलूप बदलले तर?

जीवाणू हार मानत नाहीत. साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली दाखवले, की फेजला दाद न देणारे जीवाणू फेजची गाठ पडण्यापूर्वीच, आपोआप घडणाऱ्या जनुकीय बदलांमुळे, समूहात तयार असतात. फेज आला की बाकीचे मरतात आणि हे उरतात. त्यांच्यातील ग्राही रेणू एकतर नाहीसा झालेला असतो किंवा त्याचा आकार बदललेला असतो. काही जीवाणू ग्राहीवर जाड आवरणाचे पांघरूण घालतात. लुरिया, डेलब्रुक आणि हर्षी यांना १९६९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

विषाणूही गप्प बसत नाही. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लॅम-बी दुर्मीळ झालेल्या जीवाणूंसोबत लॅम्डा वाढवला. काही आठवड्यांतच काही विषाणूंनी आपल्या शेपटीच्या प्रथिनात चार बदल साधून 'ओएमपी-एफ' या अगदी वेगळ्या प्रथिनाला चिकटण्याची विद्या मिळवली. डांग्या खोकल्याच्या कुळातील जीवाणूंवर वाढणारा एक फेज तर चिकटणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात मुद्दाम फेरबदल घडवणारी यंत्रणाच जवळ बाळगतो. कुलूप आणि किल्ली यांची ही चढाओढ अखंड चालू असते.

उपचाराची आशा, तशीच सावधगिरीही

पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६पासून पसरलेल्या टायफॉईडच्या वाणाने सेफ्ट्रियाक्झोनसारख्या औषधालाही दाद दिली नाही. रुग्णालयांत आढळणारे क्लेब्सिएला, सुडोमोनास आणि अॅसिनेटोबॅक्टर यांचे अनेक वाण असेच हट्टी झाले आहेत. त्यामुळे विस्मरणात गेलेल्या फेजोपचाराकडे पुन्हा लक्ष वळले आहे. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथील एलियावा संस्थेत हे काम १९२३पासून सुरू आहे. इतर बहुतेक देशांत मात्र फेज हे आजही संशोधनापुरते किंवा अन्य उपाय संपलेल्या रुग्णांपुरतेच वापरले जातात.

चिकटण्याच्या विज्ञानाचा खरा उपयोग येथे होतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एका तळ्यातून मिळालेल्या फेजची माहिती प्रसिद्ध केली. हा फेज सुडोमोनासच्या ज्या प्रथिनाला धरतो, तेच प्रथिन प्रतिजैविके पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाचा भाग असते. आता जीवाणूपुढे पेच उभा राहतो. पंप ठेवला, तर फेज मारतो. पंप बदलला, तर प्रतिजैविक पुन्हा लागू पडू लागते. अशा दारांची निवड करून फेज वापरायचे, ही आजची दिशा आहे. एकच फेज देण्याऐवजी वेगवेगळ्या ग्राहींना धरणाऱ्या अनेक फेजचे मिश्रण देण्यामागेही हाच विचार आहे.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. क्लेब्सिएलाच्या आवरणाचे ७०हून अधिक प्रकार आहेत आणि एका आवरणावर चालणारा फेज बहुधा दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे रुग्णाच्या शरीरातील जंतू आधी वेगळा काढून त्यावर फेजची चाचणी घ्यावी लागते. याखेरीज सर्वच फेज उपकारक नसतात. कॉलऱ्याच्या जंतूचे विष ज्या जनुकांमुळे तयार होते, ती जनुकेच एका फेजने आणलेली आहेत, असे १९९६ साली मॅथ्यू वॉल्डॉर आणि जॉन मेकॅलानॉस यांनी सिद्ध केले. तो फेज जंतूच्या एका पायलसला चिकटून आत शिरतो आणि त्याला मारण्याऐवजी अधिक घातक बनवतो. उपचारासाठी फेज निवडताना असे विषाणू काटेकोरपणे वगळावे लागतात.

गटारातील साक्षीदार

फेजच्या चोखंदळपणाचा उपयोग औषधापुरता मर्यादित नाही. प्लेगच्या जंतूची ओळख पटवण्यासाठी त्यालाच फोडणारा विशिष्ट फेज वापरण्याची चाचणी आजही मान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली मांसजन्य खाद्यपदार्थांवरील लिस्टेरिया जंतू नष्ट करण्यासाठी फेज फवारण्यास परवानगी दिली. एम-१३च्या टोकावरील प्रथिनात हवे ते तुकडे जोडून औषधी प्रतिपिंडे शोधण्याच्या तंत्राला २०१८ साली रसायनशास्त्राच्या नोबेलचा मान मिळाला.

शहरांच्या दृष्टीने महत्त्वाचा उपयोग आणखी एक आहे. ई-कोलायवर वाढणारे फेज पिण्याच्या पाण्यात सापडले, तर त्या पाण्यात कोठेतरी मैला मिसळला आहे, असा त्याचा अर्थ होतो. जलवाहिनी आणि गटार शेजारून जाणाऱ्या निजामपुऱ्यासारख्या कोणत्याही दाट वस्तीत ही साक्ष मोलाची ठरू शकते. मात्र दूषित पाण्यात फेज असतात म्हणून ते पाणी औषधी ठरत नाही. त्यात फेजपेक्षा आधी रोगजंतू पोटात जातात. टायफॉईडपासून बचावाचे मार्ग आजही तेच आहेत: शुद्ध किंवा उकळलेले पाणी, हातांची स्वच्छता, लस आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाचा पूर्ण मुदतीपर्यंत घेतलेला क्रम. अर्धवट सोडलेली किंवा मनाने घेतलेली औषधे जंतूंना हट्टी बनवतात. प्रतिजैविकांची जागा फेज कधी आणि कितपत घेतील, हे ठरायला अजून वेळ आहे. हातात असलेली औषधे तोवर टिकवणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.